झाकणावरचा फेस

श्यामलाने भांडी घासायच्या साबणाचा थोडा फेस बोटावर घेतला आणि बॅरलच्या झाकणावरच्या पितळी व्हॉल्व्हवर ठेवला. क्षणभर काही झालं नाही. मग फेसात एक बुडबुडा फुगला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला.

ती गॅरेजमध्ये घडीच्या खुर्च्या न्यायला आली होती. उद्या माणसं येणार होती. खुर्च्या ओढताना कपाटाच्या मागून बारीक फुसफुस ऐकू आली, थांबली, पुन्हा आली. शशिधर गेल्यापासून ते तपकिरी प्लॅस्टिकचं बॅरल तिथे मुकाट उभं होतं.

"आई, खुर्च्या मिळाला का?" चैत्राली दारात आली. कालच ती बेसिंगस्टोकहून दोन दिवसांची रजा काढून आली होती. इंग्लंडात वाढलेल्या तिच्या मराठीत लिंग-वचनं अशी घसरायची.

"मिळाल्या. इकडे ये, हे बघ."

चैत्राली वाकून बुडबुड्याकडे बघत राहिली. "लीक होतंय?"

"लीक नाही. व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय. आत दाब वाढला की खालचं रबर उचललं जातं आणि जादा गॅस बाहेर जातो. नाहीतर बॅरल फुटेल."

"मग चांगला आहे ना? म्हणजे बाबाची बिअर अजून फिझी आहे."

श्यामलाचं लक्ष बुडबुड्यावरच होतं. बिअर तयार झाली की यीस्टचं काम संपतं, त्याला खाता येईल अशी साखर उरत नाही. वर्षभराने, मे महिन्याची ऊब गॅरेजमध्ये शिरल्यावर नव्याने गॅस तयार होत असेल, तर आत दुसरं कुणीतरी जिवंत होतं. यीस्टला न पचलेलं ते खात होतं.

शशिधर विमानांच्या इंधनाचे व्हॉल्व्ह तपासायचा. ब्रिस्टलला आल्यापासून त्याने तेच काम केलं आणि घरी आल्यावरही त्याला व्हॉल्व्हच लागत. श्यामला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, रुग्णांच्या नमुन्यांत कुठले जंतू वाढतात ते पाहायची. त्याने बिअर करायला घेतली तेव्हा वाटणी आपोआप झाली. "दाब माझा, जंतू तुझे," तो म्हणायचा. ती स्वतः बिअर पीत नसे, तिला कडवटपणा आवडत नसे. पण तोटीचे भाग सुटे करून धुणं, नळ्या जंतुनाशकात बुडवणं, झाकणाच्या रबरी कड्याखालचा चिकट थर ब्रशने काढणं ही कामं तिची. ज्या दिवशी बिअर, त्या दिवशी घरात दही लावायचं नाही, आंबोळ्यांचं पीठ भिजवायचं नाही. विरजणाचा डबा गॅरेजच्या उंबऱ्याच्या आतही यायचा नाही. यतीन, शशिधरचा वॉटफर्डचा मित्र, याला वहिनींचं सोवळं म्हणायचा. "आमच्या आजीने देवघरात एवढं पाळलं नाही हो," असं म्हणत तो दारातच बूट काढून उभा राहायचा, मुद्दाम हात वर करून.

त्या सोवळ्याचा शशिधरला मात्र अभिमान होता. घरी बिअर करणाऱ्यांच्या त्याच्या ब्रूइंग क्लबमध्ये प्रत्येकाचं कधी ना कधी एखादं बॅरल आंबलं होतं. त्याचं एकही नाही. हे तो दर ख्रिसमसला क्लबच्या लोकांना ऐकवायचा आणि ते त्याला दर ख्रिसमसला शिव्या द्यायचे.

हे शेवटचं बॅरल गव्हाच्या बिअरचं. करायला घेतली तेव्हा तो अजून हिंडताफिरता होता. बॅरलमध्ये भरायची वेळ आली तोवर पोटाच्या कॅन्सरने त्याला वरच्या खोलीत आडवं केलं होतं. श्यामलाने सगळं एकटीने केलं. फोन स्पीकरवर ठेवून तो वरून सांगत होता, ती खाली नळी धरून उभी होती. भरून झाल्यावर तो म्हणाला होता, "वर्षाने माझं श्राद्धबिद्ध करत बसू नकोस. हे उघड. यतीनला आणि क्लबवाल्यांना बोलव."

ते उद्या होतं.

"चव बघूया ना," चैत्राली म्हणाली.

श्यामलाने तोटीला जंतुनाशक लावलं आणि पेल्यात दोन बोटं बिअर घेतली. रंग बरोबर होता, फेस पांढरा होता. वास घेतल्यावर ती थांबली. मग तिने एक घोट घेतला. इतक्या वर्षांत तिने शशिधरच्या बिअरचा फक्त वास घेतला होता. तो प्रत्येक वेळी पेला तिच्या नाकाशी आणायचा आणि निकालाची वाट पाहत उभा राहायचा.

बिअर आंबट होती. पण सडल्यासारखी किंवा व्हिनेगरसारखी नाही. हा आंबटपणा तिच्या ओळखीचा होता. जिभेच्या कडांना लागून मागे पिठूळ गोडसर काहीतरी ठेवून जाणारा.

पेला हातात घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. खालच्या कपाटातून तिने प्लॅस्टिकचं मापाचं भांडं काढलं आणि खिडकीपाशी उजेडात धरलं. आतून ते चरे पडून धुरकट झालं होतं. असे चरे काट्याने ढवळून पडतात. ज्वारीचं पीठ ताकात भिजवताना गुठळ्या होऊ नयेत म्हणून ती काट्यानेच ढवळायची.

त्या आठवड्यात शशिधरच्या पोटात काही टिकत नव्हतं. एके दिवशी तो म्हणाला, आंबील कर. ती म्हणाली, उद्या बॅरल भरायचंय, नंतर करते. तो नुसता भिंतीकडे वळला. मग तिने ताकात पीठ भिजवून ते भांडं बॉयलरच्या कपाटात उबेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी पीठ छान आंबलं होतं. त्याच्यासाठी धोका नको म्हणून तिने आंबील भरपूर उकळली, निववली, वर नेली. त्याने थोडी खाल्ली. "आईसारखी नाही झाली," तो म्हणाला, "पण शेजारची वाटतेय." बऱ्याच दिवसांनी तो हसला होता. खाली येऊन तिने भांडं घासलं, जंतुनाशकाने धुतलं आणि बिअरला गॅस यावा म्हणून बॅरलमध्ये घालायचं उकळलेलं साखरेचं पाणी निवल्यावर त्यातच मोजून घेतलं.

चरे पडलेलं प्लॅस्टिक कितीही धुतलं तरी चऱ्यांत जंतू राहतात. लॅबमध्ये नव्या मुलींना हे तीच शिकवायची.

"काय झालं?" चैत्रालीने विचारलं.

"आंबली आहे. माझ्या भांड्यामुळे."

चैत्राली म्हणाली, मग ओतून देऊ, उगाच लोक आजारी पडतील. श्यामलाने तिला समजावलं की इतक्या आंबट आणि अल्कोहोल असलेल्या पाण्यात माणसाला आजारी पाडणारे जंतू जगत नाहीत. चैत्राली म्हणाली, तरी कशाला, दुकानातून चांगली बिअर आणू, बॅरल दिसेल असं ठेवू, कुणाला कळणारही नाही. ते ऐकून श्यामला खाली बसली. बिअर ओतून दिली तर शशिधरने सांगितलेली एकमेव गोष्ट राहून जाणार. पाजली तर ज्याचं एकही बॅरल आंबलं नाही त्याचं शेवटचं आंबलं, असं क्लबवाले मनात धरून घरी जाणार. यापुढे त्याच्या हातची दुसरी कुठली बिअर त्यांना मिळायची नव्हती.

"तू ठरव," चैत्राली हळूच म्हणाली. "बाबा तुझ्यावर सोडला असता."

दुसऱ्या दिवशी दुपारी बागेत आठ-दहा माणसं जमली. यतीन वॉटफर्डहून आला. गॅरेजच्या दारात त्याने सवयीने बूट काढले, मग आपण काय केलं ते लक्षात येऊन तसाच मोज्यांवर उभा राहिला. "घाला बूट," श्यामला म्हणाली. "सोवळं मोडलंय."

तिने प्रत्येकाचा पेला स्वतः भरला. फोटो नव्हता, हार नव्हता, शशिधरला ते नको होतं. सगळ्यांनी पेले उंचावले आणि प्यायले.

यतीनने दुसरा घोट तोंडात घोळवला. तो सोलापूरचा. त्याने पेल्यात पाहिलं, मग श्यामलाकडे.

"वहिनी, ही आंबील आहे."

"हो."

"त्याला केली होती?"

"हो."

यतीनने मान खाली घातली आणि पेला दोन्ही हातांनी धरला.

तेवढ्यात ग्रॅहम, क्लबमधला सगळ्यात जुना, खुर्ची सरकवून पुढे झाला. ही उत्तम आहे, तो इंग्रजीत म्हणाला, जर्मन लोक मुद्दाम अशी आंबट गव्हाची बिअर करतात, ती जमायला फार कौशल्य लागतं. शशीने हे कधी शिकून घेतलं? आम्हाला पत्ता लागू दिला नाही लबाडाने.

चैत्राली पटकन म्हणाली, "येस, डॅड वॉज ऑलवेज..." आणि तिने आईकडे पाहिलं. बागेतले सगळे श्यामलाकडे पाहत होते. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"नाही," श्यामला म्हणाली. तिने ते इंग्रजीत सांगितलं, सावकाश, लॅबमध्ये निकाल सांगावा तसं. "त्याने केलेली बिअर चांगली होती. भरताना ती मी बिघडवली. मी त्याच भांड्यात त्याच्यासाठी जेवण केलं होतं."

ग्रॅहमने पेला संपवला आणि रिकामा पेला तिच्यापुढे धरला. तिने तो पुन्हा भरला.

संध्याकाळच्या उन्हात सगळे निघून गेले. जाताना ग्रॅहमने विचारलं की क्लबमध्ये कुणी नवीन आलं तर बॅरल देणार का. श्यामला हो म्हणाली. तळाशी उरलेलं तिने गटारात ओतलं. मग तोटी काढली, रबरी कडं काढलं, आतून ब्रश फिरवला, जंतुनाशक घालून बॅरल आडवं-उभं हलवलं आणि तीनदा पाण्याने खळबळून काढलं. चैत्राली पुसायचा कपडा घेऊन उभी होती, पण तिने कपडा लावू दिला नाही. अशा गोष्टी हवेतच वाळवायच्या असतात.

बॅरल सुकल्यावर तिने कडं बसवलं, झाकण घट्ट फिरवलं. कुणाला द्यायच्या आधी शशिधर नेहमी व्हॉल्व्ह तपासायचा. तिने बोटावर साबणाचा फेस घेतला, व्हॉल्व्हवर ठेवला आणि वाकून पाहत राहिली.

फेस ठेवला तसाच राहिला.