सहावा रकाना

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. मामलेदार कचेरीत अकरा वर्षं कारकुनी केली आणि एके दिवशी वरिष्ठाच्या टेबलावर त्याचीच फाईल आपटून घरी आलो. त्यानंतर अख्ख्या नगरात मला नोकरी द्यायला कोणी धजेना. दिली ती गहिनीनाथनं.

गहिनीनाथ कर्जतकडचा. लढाईत पलटणीची मोटार हाकत होता. सुटून आला तेव्हा नगरच्या छावणीत पलटणीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव चालला होता. साठवलेला सगळा पगार आणि बायकोच्या, चांगुणाच्या, अंगावरचं सोनं घालून त्यानं त्यातली एक गाडी घेतली, तिच्यावर सुताराकडून लाकडी बॉडी बांधून घेतली आणि नगर–मिरजगाव–कर्जत अशी सर्व्हिस सुरू केली. भाऊबंदांनी वाटणीत त्याला ढेकूळसुद्धा ठेवलं नव्हतं. ती मोटार चालली तर तो मालक, नाहीतर पुन्हा दुसऱ्याचा नोकर. मधलं काही नव्हतंच.

माळीवाड्याच्या स्टँडावर आमचं एक टेबल होतं आणि टेबलामागं मी. तिकिटं फाडायची, परमिटाचे आणि पेट्रोलच्या कुपनांचे कागद सांभाळायचे आणि सरकारी लोकांशी भांडायचं, हे माझं काम. त्यातलं शेवटचं मी आवडीनं करी. मालक तो असला तरी मी वयानं मोठा, म्हणून तो मला ‘पंत’ म्हणे आणि मी त्याला एकेरीत बोलवी. पलटणीत तो सही शिकला होता, वाचायला मात्र शिकला नव्हता. कागद आला की माझ्यापुढं ठेवायचा आणि बाजूला उभा राहायचा.

सेहेचाळीसच्या जुलैत कायदा आला, की विमा उतरवल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणायची नाही. आपल्या मोटारीनं दुसऱ्याचं काही बरंवाईट झालं तर भरपाई कंपनी देणार. आम्ही मुंबईच्या एका कंपनीचा विमा घेतला. गहिनीनाथला ते पटलं होतं. “आपल्या हातनं कुनाचं वाटुळं झालं, तर निदान त्याची पोरंबाळं उपाशी न्हाई मरनार,” असं म्हणून त्यानं पैसे मोजले. बाकीचे मोटारवाले मात्र वर्षभर बोंबलत होते.

पुढच्या उन्हाळ्यात रुईछत्तिशीजवळ बन्सी नावाचा शेतकरी डोक्यावर कडब्याचं ओझं घेऊन रस्ता ओलांडत होता. कडब्यामुळं त्याला मोटार दिसली नाही आणि गहिनीनाथला तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. बन्सीचा पाय मोडला. गहिनीनाथनं उतारू तिथंच उतरवले, त्याला मोटारीत घातलं आणि नगरच्या दवाखान्यात आणलं. पाय सांधला, पण वाकडा. मी नियमाप्रमाणं कंपनीला कळवलं. त्यांचा माणूस आला, रस्ता पायानं मोजला, आमचा चहा प्याला आणि गेला.

गावानं मात्र आपल्या रीतीनं निकाल लावला. पोलीस-कोर्टात दोन्ही घरं झिजतील, त्यापेक्षा इथंच मिटवा, असं पंच म्हणाले. दवाखान्याचा खर्च गहिनीनाथनं केलाच होता, वर त्यानं बन्सीच्या दारात एक दुभती गाय नेऊन बांधली. मग दोघांनी खंडोबापुढं बेलभंडार उचलला. आजपासून ही गोष्ट देवाच्या पायाशी पुरली, पुन्हा ती दोघांच्याही तोंडून निघायची नाही, अशी शपथ. मी तिथं होतो. बन्सी रडला आणि गहिनीनाथही रडला. त्यानंतर मोटार रुईछत्तिशीला थांबली की बन्सी लंगडत यायचा, दोघं तंबाखू मळत बसायचे, पण पायाचा विषय काही निघायचा नाही.

जुलैत विम्याची मुदत संपत आली आणि कंपनीचं पत्र आलं. दर जवळजवळ दीडपट. कारण काय, तर अपघात झाला!

माझं डोकं सणकलं. अहो, तुमची एक दिडकी तरी खर्च झाली का? आमचा चहा तेवढा प्यालात! त्याच तिरीमिरीत मी कागद ओढला आणि लिहिलं, की अमुक तारखेच्या अपघातात बन्सी नावाच्या इसमाचा पाय मोडला, त्याचा सगळा खर्च आमच्या मालकांनी केला, आपण एक पैसा दिला नाहीत, तरी आता दर वाढवताना आपल्याला लाज कशी वाटत नाही? पत्र मी स्टँडावरच्या चार लोकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वा पंत, काय भादरलीत, म्हणाले सगळे. मी खूश. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण त्या वेळी तो हात मला फार सुंदर दिसत होता.

कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं. दर मान्य नसेल तर आपण दुसरीकडं जायला मोकळे आहात.

“भरून टाकू, पंत,” गहिनीनाथ म्हणाला. “वडाताण हुईल, पर ओळखीची कंपनी हाय.”

“ओळखीची? सोयरीक जुळलीय काय तुझी तिच्याशी? आपण काय त्यांच्या दावणीला बांधलोय?” मी म्हणालो. “कंपन्या पायलीला पन्नास आहेत. मी बघतो.”

बघितली. कापडबाजारात शामकांत नावाचा एजंट होता, केस चापून बसवलेला, बोलणं तुपातलं. त्याच्या नव्या कंपनीचा दर आमच्या जुन्या दरापेक्षाही कमी. गहिनीनाथला घेऊन मी त्याच्याकडं गेलो. फॉर्म इंग्रजीत होता. शामकांत एकेक प्रश्न मराठीत सांगे, गहिनीनाथ उत्तर देई आणि मी ते इंग्रजीत लिही. मालकाचं नाव, गाडीचं वय, किती उतारू, कोणता रस्ता, ड्रायव्हर किती वर्षांचा. मग सहावा रकाना आला.

“यापूर्वी या गाडीला काही अपघात?” शामकांतनं विचारलं.

गहिनीनाथनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, “पंत, त्ये तुमी ल्हा.” आणि उठून दाराशी गेला, आमच्याकडं पाठ करून रस्त्याकडं बघत उभा राहिला.

मी समजलो. म्हणजे, समजलो असं मला वाटलं. याला बेलभंडार आडवा आलाय. देवाच्या पायाशी पुरलेलं उकरायचं नाही. खोटं बोलणंही त्याच्यानं होणार नाही, म्हणून ते माझ्या गळ्यात टाकतोय. ठीक आहे, म्हटलं, आपण करू. आणि खरं सांगायचं तर तो स्वस्त दरही माझ्या डोळ्यांपुढं नाचत होता. अपघात लिहिला असता तर तो वाढला असता, आणि मग मुंबईच्या कंपनीपुढं माझं नाक खाली झालं असतं. मी इंग्रजीत ‘नाही’ लिहिलं. एका शब्दाला कितीसा वेळ लागतो?

गहिनीनाथ परत आला, मी बोट ठेवलं तिथं त्यानं सही केली. बाहेर पडल्यावर त्याला मोकळं वाटल्यासारखं दिसलं. म्हणाला, “झालं एकदाचं, पंत. लई बरं झालं.” मीही म्हणालो, लई बरं झालं.

फाल्गुनात मिरजगावच्या बाजाराच्या दिवशी मोटार उतारावरून येत असताना समोरून बैलगाडी आडवी आली. तिला वाचवायला गहिनीनाथनं मोटार कडेला घेतली, कड खचली आणि मोटार चरात गेली. बाकीच्यांना खरचटलं. दाराशी बसलेला सूर्यभान कुंभार मात्र बाहेर फेकला गेला आणि जागच्या जागी गेला. त्याची बायको साळूबाई, पदरात दोन मुली, घरात दुसरं कमावतं कोणी नाही.

गहिनीनाथ चार दिवस जेवला नाही. पाचव्या दिवशी स्टँडावर आला आणि टेबलाला धरून उभा राहिला.

“पंत, कंपनी हाय ना? साळूबाईला मिळंल ना?”

“मिळेल म्हणजे! न मिळायला काय झालं? पैसे कशासाठी भरलेत आपण?”

“बास. मंग मोटार राहू न्हाईतर जाऊ.”

“मोटार कशाला जातेय? कंपनी देईल, तू मोटार चालव.” असं मी म्हणालो, आणि सहाव्या रकान्याची मला आठवणही झाली नाही. शपथेवर सांगतो, झाली नाही.

साळूबाईनं भरपाईचा दावा लावला. नव्या कंपनीनं जुन्या कंपनीला विचारलं, आणि जुन्या कंपनीनं माझं ते झणझणीत पत्र पाठवून दिलं. खोटी माहिती देऊन विमा घेतला, सबब विमा रद्द समजावा, असं नव्या कंपनीचं म्हणणं कोर्टापुढं आलं. शामकांतनं तर रस्त्यात मला ओळखही दाखवली नाही.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं बन्सीला साक्षीला बोलावलं. तो लंगडत पिंजऱ्यात चढला.

“हा पाय कशानं मोडला?” वकिलानं विचारलं.

“मोडला न्हाई. जन्मापासनं असाच हाय.”

“मोटारीची धडक बसली होती की नाही?”

“कंची मोटार? मी तर मोटारीत कदी बसलोबी न्हाई.”

लोक हसले. जज्जसाहेब भडकले, खोट्या साक्षीबद्दल आत टाकीन म्हणाले. पण बन्सीनं शब्द फिरवला नाही. मग गहिनीनाथला विचारलं. त्यानं तोंडच उघडलं नाही. हो नाही की ना नाही. साहेबांनी तीनदा विचारलं आणि काहीतरी लिहून घेतलं. शेवटी मला बोलावलं आणि पत्र पुढं धरलं.

“हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“आणि फॉर्मावरचं हे ‘नाही’?”

“तेही माझंच,” मी म्हणालो. “मालकांचा यात दोष नाही. मी माझ्या मनानं लिहिलं.”

“सही कोणाची आहे?” वकिलानं विचारलं. “मालकांची,” मला सांगावंच लागलं.

कंपनी सुटली. भरपाईचा हुकूम एकट्या गहिनीनाथवर झाला. मोटार जप्त झाली आणि एकोणपन्नासच्या सुरुवातीला तिचा लिलाव पुकारला. पुणे–नगर रस्त्यावर तोवर सरकारी मोटारी धावू लागल्या होत्या, उद्या कर्जतलाही येतील म्हणून कोणी बोली वाढवेना. बेलापूरकडच्या एकानं ती मातीमोलानं नेली. जे आलं ते कोर्टातून साळूबाईला मिळालं, पण ठरलेल्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. राहिलेलं गहिनीनाथच्या मानेवर राहिलं. ते जन्मात फिटणार नव्हतं. त्याला, मला, साळूबाईला, सगळ्यांनाच ते ठाऊक होतं.

लिलाव झाला त्या दुपारी आम्ही दोघं स्टँडाजवळच्या हॉटेलात बसलो. त्यानं चहा घेतला नाही. इतके महिने मनात जे साचलं होतं ते मी ओकून टाकलं.

“तू बेलभंडार उचलला होतास, मला मान्य आहे. पण एवढं सगळं होणार होतं, तर त्या दिवशी माझा हात तरी धरायचास. ‘नाही’ लिहू नका, पंत, एवढंच म्हणायचंस. खोटं लिहायला तूच सांगितलंस ना मला?”

त्यानं मान वर केली. आधी त्याला कळलंच नाही मी काय म्हणतोय ते. मग हळूहळू कळलं, आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेलेला मी बघितला.

“खोटं?” तो म्हणाला. “मी कवा सांगितलं खोटं ल्हायाला?”

“मग, ते तुम्ही लिहा, म्हणालास ते कशासाठी?”

“बोलायची बंदी मला हुती, पंत. तुमाला नव्हती. बेलभंडार तुमी न्हाई उचलला. म्हनून म्हनलं, ऱ्हाऊ दे आपलं तोंड बंद, पंत ल्हितील खरं काय त्ये. दर वाढला असता तर वाढला असता.”

“अरे, पण सही करताना बघितलं नाहीस?”

“काय बघनार? मला वाचाय येत असतं तर तुमाला कशाला ठिवलं असतं?”

मी ज्या पंचायतीला, देवाला, कंपनीला इतके दिवस शिव्या मोजत होतो, त्यातलं कोणीच आता तिथं उरलं नाही. फक्त मी उरलो. कोर्टात सगळ्यांसमोर तो उभा होता, आणि त्या वेळीही त्याला वाटत असणार की पंतांनी त्या दिवशी खरंच लिहिलं होतं, हे ‘नाही’ कोर्टात कुणीतरी फिरवलंय, नाहीतर पंत आता मला वाचवायला ते अंगावर घेतायत. मी विचारलं, तसंच होतं. त्यानं फक्त मान हलवली.

“गहिनीनाथ, मला जोड्यानं मार,” मी म्हणालो. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. “पण असा गप्प बसू नकोस.”

तो चिडला नाही. चिडला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो, मला तेवढं एकच येतं. तो उठला, टोपी झटकली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून साळूबाईकडं जायचं ठरवलं होतं. आता एवढंच आहे, बाकीचं कधी येईल देव जाणे, हे तिला सांगायचं होतं, आणि काय बोलायचं ते मी रात्रीच एका कागदावर लिहून आणलं होतं. तो कागद मी पुढं केला.

त्यानं तो घेतला नाही.

“तुमी नका येऊ, पंत,” तो म्हणाला. “मी जातो एकलाच. आता माझं मीच बोलतो.”