बंपरमागचा झेंडू

हर्षदने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बघा ताई. ठोकतंय का नाय?"

इंजिन ठोकत होतं. पळसदरीच्या सरळ रस्त्यावर गाडी पळवून आम्ही नुकतेच कर्जतच्या गॅरेजात परतलो होतो. अॅक्सिलरेटर दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा आणि ताकद गळून जायची.

"भाऊंनी सेटिंग लई ओढून ठेवलीय. आता मी माजी टाकतो. जुनी पुसावी लागंल."

बाबांना गॅरेजात सगळे भाऊ म्हणायचे. ते श्रावणात गेले. जुन्या सेडानला सुपरचार्जर बसवून त्यांनी केलेली ही शेवटची गाडी. सुपरचार्जर इंजिनात हवा दाबून भरतो. त्या हवेला पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे त्यांनी हळूहळू जुळवत आणलं होतं. ते गाडी चालवायचे आणि मी शेजारी बसून लॅपटॉपवरचे आकडे मोठ्याने वाचायचे. हर्षद त्यांच्याच हाताखाली शिकला. आता तो गिऱ्हाइकांना सांगत होता की म्हाताऱ्याला शेवटी शेवटी कळेनासं झालं होतं. ते ऐकून नेरळच्या ऋषिकेशने बाबांनी केलेली आपली गाडी त्याच्याकडे पुन्हा उघडायला टाकली होती.

"आत जाणाऱ्या हवेचं तापमान दाखव," मी म्हणाले.

"त्ये कशाला?"

"दाखव."

सत्तर अंशांच्या वर. बाबा चालवत असताना मी एवढा आकडा कधीच वाचला नव्हता. दाबलेली हवा तापते. ती थंड करायला पुढच्या बंपरमागे इंटरकूलरची जाळी असते. तापलेलीच हवा आत गेली, तर सेटिंग कोणाचीही असो, इंजिन ठोकणारच.

"श्रावणानंतर गाडी बाहेर काढली होतीस?"

"नाय. पोरीची शप्पत."

"बंपर काढ."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"मग पाना दे."

त्याने पाना माझ्या पायाशी टाकला आणि खुर्चीत बसून राहिला. स्क्रू निघाले, खालच्या क्लिपा निघेनात.

"क्लिपा तुटल्या तर जोडायला भाऊ येनार नायत हां," तो म्हणाला.

मी ओढलं. दोन तुटल्या.

जाळी दिसतच नव्हती. सुकलेला झेंडू, आंब्याची पानं, दोरा, सगळं वाऱ्याने चेपून लेप दिल्यासारखं बसलं होतं.

आमच्याकडे यंदा दसरा झाला नाही. वर्षश्राद्ध होईपर्यंत सण नाही. कडावच्या घराच्या दाराला तोरणसुद्धा लागलं नव्हतं. आमच्यापैकी कोणी या गाडीला हार घातला नसता.

"कोणी पुजली?"

"लक्ष्मी हाय ती. दसऱ्याला बिनपूजेची ठेवायची?"

"आणि हारासकट पळवायची?"

"नेरळची पोरं म्हनली, दाव जरा."

"हार काढायचा तरी आधी."

"देवाचा हार हातानं कोन तोडतं? आपापला पडतो तो."

तो आत पडला होता. मी हवेच्या पाइपने जाळी साफ केली. बंपर कसाबसा बसवून आम्ही पुन्हा त्याच रस्त्याला गेलो. सेटिंग जुनीच, बाबांची. हर्षदने मुद्दाम निर्दयपणे गाडी ताणली. इंजिन एकदाही ठोकलं नाही. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. आकडे मी मोठ्याने वाचले नाहीत.

"झालं समाधान?" गाडी कडेला घेत त्याने विचारलं.

"ऋषिकेशला फोन लाव. स्पीकरवर."

"ताई, धंदा हाय माजा."

"बाबांचाही होता."

त्याने फोन लावला. "ऋषी, भाऊंच्या गाडीत कचरा अडकलेला रं. बाकी ओके हाय."

"कोणाचा कचरा ते सांग," मी म्हणाले.

"कोण आहे रे सोबत?" ऋषिकेशने विचारलं.

हर्षदने माझ्याकडे पाहिलं. हात उगारायचा राहिला एवढंच. "मी घातलेला हार," तो म्हणाला. "दसऱ्याला मीच पळवलेली. भाऊंची सेटिंग बरोबर हाय."



"मग माझं इंजिन कशाला खोलून ठेवलंयस रे?"

हर्षदने फोन माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.