केदारच्या पोटातला नारळ

माझ्या जावयाचं डोहाळजेवण झालं त्या दिवशी मी पहिल्यांदा घरी पळून जायचा विचार केला.

केदार झोपाळ्यावर बसला होता. हातात धनुष्यबाण, मनगटाला शेवंतीचा गजरा, आणि कुर्त्यावरून पोटाला बांधलेली जुन्या लुगड्याची पिशवी. पिशवीत कापडात गुंडाळलेला एक सोललेला नारळ. नारळाला शिवलेला चिंध्यांचा गठ्ठा. नारळ म्हणजे बाळाचं डोकं, गठ्ठा म्हणजे बाकीचं बाळ. एकोणीस माणसं गोल करून त्याला विचारत होती, "काय खावंसं वाटतंय?" तो खाली मान घालून म्हणाला, "चिंच." शेजारी आठवा महिना लागलेली माझी मुलगी अवनी टाळ्या वाजवत होती. तिचं डोहाळजेवण आदल्या आठवड्यात उरकलं होतं, अगदी अस्संच. तिथे सगळं दोघांना सारखं असायचं.

तिथे म्हणजे समभाव वसाहतीत. कात्रजच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी मच्छिंद्र नावाच्या शेतकऱ्याची जमीन घेऊन या मंडळींनी मातीची घरं बांधली होती. घरं मातीची, पण आत गीझर. सगळे एकत्र स्वयंपाक करायचे, एकत्र जेवायचे, आणि सगळे निर्णय 'वर्तुळा'त घ्यायचे. वर्तुळ म्हणजे चिंचेखालची रोजची सभा. ठराव मान्य असेल तर दोन्ही हात वर करून झुलवायचे. एकानेही हाताची घडी घातली की ठराव बारगळला. चहात आलं घालायचं की नाही, हा ठराव मी गेले तेव्हा पाचव्या महिन्यात होता. अवनीसारखाच.

अवनीने बाळंतपण इथेच करायचं ठरवलं होतं. दवाखाना नको, मशीन नको. पाचव्या महिन्यात मी भांडून एक सोनोग्राफी करून आणली, तेवढीच. पुढच्या सोनोग्राफीचा विषय वर्तुळात 'विचाराधीन' होता. आणि मला म्हणजे तिच्या आईला भेटायची परवानगी रविवारी चार ते सहा.

मी एकतीस वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काढली आहेत. फेरतपासणीच्या खिडकीवर. नियमातून वाट कशी काढायची हे मला कुणी शिकवायला नको. समभावच्या पाटीवरच लिहिलं होतं, 'दाईविद्या: प्रत्यक्ष हातांनी शिका. चार महिने निवासी.' मी अर्ज भरला. अनुभव या रकान्यात 'एक बाळंतपण, स्वतःचं' असं लिहिलं. कर्वेनगरच्या घरी माझे यजमान माधवराव आणि कुकर यांना एकमेकांच्या हवाली केलं आणि वळकटी घेऊन दाखल झाले.

तिथला एक नियम मात्र मला जड गेला. नात्याचे शब्द वापरायचे नाहीत. नात्यांमुळे माणसं एकमेकांवर हक्क सांगतात, असं वसाहतीचे संस्थापक शरच्चंद्र म्हणायचे. हे गृहस्थ पूर्वी एका कंपनीत माणसं कामावरून काढायचं काम करत. आई, बाबा, ताई, काका, जो शब्द तोंडून निघेल त्याच्याबद्दल त्या दिवशीची सगळी भांडी घासायची. एकोणीस माणसांची. माझ्या पोटची मुलगी मला पहिल्या दिवशी म्हणाली, "ये आनंदी." मी वळकटी खाली ठेवली आणि दोन मिनिटं शबनम पिशवीत रुमाल शोधत राहिले. रुमाल हातातच होता.

शिकवायला होत्या सोजरबाई. मच्छिंद्रची आई. सत्तरीच्या पुढची, काटक, तपकिरी हात. जुन्या काळात आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची दोनशेच्या वर बाळंतपणं त्यांनी केलेली, पुढे सरकारी आरोग्य केंद्रात रीतसर प्रशिक्षणही घेतलेलं. त्यांना नात्यांचा नियम सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं बाळा." 'बाळा'बद्दल लगेच भांड्यांची शिक्षा सांगितली. त्या म्हणाल्या, "भांडी मला काय नवीन हायत व्हय?" आणि स्वतःचं ताट विसळून घरी गेल्या. त्यानंतर त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

आम्ही शिकाऊ तिघी. मी, आणि योग शिकवणाऱ्या दोघी. त्या दोघींना चंद्राच्या कलांवर पहिला धडा अपेक्षित होता. सोजरबाईंचा पहिला धडा होता नखं कापणे. दुसरा, कोपरापर्यंत साबणाने हात धुणे. तिसरा, हात चोळून गरम करणे. "गार हात पोटाला लावला की पोट आखडतंय. मग काय कळायचं? कप्पाळ?" चौथ्या दिवशी वहीत उतरून घ्यायला काहीच नाही म्हणून एक योगवाली रडली.

मग आमचे डोळे बांधले. गोधडीखाली नारळ आणि चिंध्यांचा गठ्ठा ठेवला आणि वरून चाचपायला लावलं. नारळ टणक, गोल. दोन बोटांमध्ये धरून हलवला की एकटा डुलतो. गठ्ठा रुंद, मऊ. तो ढकलला की सगळंच्या सगळं सरकतं. डोकं कुठे, ढुंगण कुठे, हे हाताला कळलं पाहिजे. मला दहातल्या नऊ वेळा कळू लागलं. आयुष्यभर कागद चाळलेल्या हातांना हे कळतं याचा मला इतका आनंद झाला की मी माधवरावांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "वा. वरणाला किती शिट्ट्या?"

गोधडीनंतर खरं पोट. पण समभावात एकटीचं पोट तपासणं म्हणजे विषमता. म्हणून वर्तुळाने ठराव केला की अवनीची जी तपासणी होईल ती केदारचीही व्हावी. सोजरबाईंनी हसू दाबत पिशवी शिवून दिली, तोंडाला नाडी घातली. केदार मुळात सॉफ्टवेअरमधला, काम हाती घेतलं की मनापासून. आठवड्याभरात तो कमरेवर हात ठेवून चालू लागला. दोन आठवड्यांत त्याची पाठ दुखू लागली. सातव्या महिन्यात त्याने पोळ्या लाटायचं बंद केलं, आणि त्याच्या वाटच्या पोळ्या अवनी लाटू लागली. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी बोलले. वर्तुळाने माझ्या भावनांचा आदर केला आणि पुढचा विषय घेतला.

सदतिसाव्या आठवड्यात एका सोमवारी मी हात गरम करून अवनीच्या पोटावर ठेवले. खाली, ओटीपोटापाशी, मऊ. रुंद. ढकललं तर सगळंच सरकलं. वर, बरगडीखाली, टणक आणि गोल. दोन बोटांत धरलं. ते एकटं डुललं.

मी पुन्हा हात धुऊन आले आणि पुन्हा बघितलं. तेच. सोजरबाईंनी बघितलं. त्यांनी अवनीच्या गालावरून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पायाळू हाय. माझ्या हातानं असली सात झाली. त्यातली दोन गेली. हिला इथं ठिवायची न्हाई."

मला कधी भीती वाटत नाही असं माझ्या ऑफिसात सगळे म्हणायचे. त्या दिवशी मी तिसऱ्यांदा हात धुतले.

मी वर्तुळात ठराव मांडला, अवनीला दवाखान्यात न्यावं. सोळा जणांचे हात झुलले. शरच्चंद्रांनी घडी घातली आणि केदारनेही. "आनंदी, आम्ही तुझ्या भीतीचं स्वागत करतो," शरच्चंद्र म्हणाले. केदार पिशवीवर हात फिरवत म्हणाला, "माझं बाळ मला तसं काही सांगत नाहीये." मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. अवनीकडे बघितलं. तिने डोळे मिटले होते. "आनंदी," ती म्हणाली, "तुझी भीती माझ्या पोटात घालू नकोस." बारगळलेला ठराव आठ दिवसांनी पुन्हा मांडता येत असे.

पाचव्याच दिवशी, सकाळच्या वर्तुळात, गांडूळखताचा विषय चालू असताना अवनीने दोन्ही हातांनी पाठ धरली. थोड्या वेळाने पुन्हा. मी घड्याळ बघत होते. बारा मिनिटं, मग दहा. सोजरबाई उठल्या, हात धुतले, तिच्या पोटावर ठेवले. "कळा सुरू झाल्यात. डोकं अजून वरच. मच्छिंद्र टेम्पो काढतोय. चल बाय."

शरच्चंद्रांनी तळहात दाखवून सगळ्यांना शांत केलं. "ठरावाची मुदत संपलेली नाही. आणि केदारची तपासणी झालेली नाही."

मी उठून त्यांच्या अंगावर जाणार होते. सोजरबाईंनी माझं मनगट धरलं.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "समानता म्हंजे समानता. झोपा जावईबापू."

केदार चटईवर आडवा झाला. त्यांनी पिशवी सोडली, आतला नारळ वर फिरवला, गठ्ठा तोंडाशी आणला, नाडी गठ्ठ्यापुरती आवळून गाठ मारली. "हिचं डोकं वर, मग ह्यांचंबी वर. आता ह्यांचं बाळंतपण करू. तुमचं सुटलं नीट, तर हिला इथं ठिवू. या साहेब, तुमी धरा."

शरच्चंद्र उत्साहाने गुडघ्यांवर बसले. सगळे भोवती जमले. कुणीतरी खोल श्वास घ्यायला सांगू लागलं. केदार खरोखर श्वास घेत होता. गठ्ठा बाहेर आला, सहज, एका झटक्यात. टाळ्या पडल्या.

"आता डोकं," सोजरबाई म्हणाल्या, आणि कमरेला खोचलेला मोबाइल काढून वेळ बघत बसल्या.

नारळ नाडीशी अडकला. शरच्चंद्रांनी ओढलं. केदार म्हणाला, "हळू." त्यांनी फिरवून बघितलं, मग हात आत घालून बघितला, हात आत जाईना. योगवाली म्हणाली, प्रेमाने ओढा. त्यांनी प्रेमाने ओढलं.

"एक मिनिट झालं," सोजरबाई म्हणाल्या. "डोकं आधी आलं तर वाट हळूहळू मोठी करतंय. मागनं आलं तर तेवढा टाइम नसतो. नाळ दाबलेली असती. दोन झाली."

आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. केदारच्या कपाळावर घाम होता. "ओढा ना," तो म्हणाला, "अहो, ओढा ना कुणीतरी." नात्याचा शब्द नव्हता, पण आदरार्थी होता. तोही तिथे चालत नसे.

"तीन."

शरच्चंद्रांनी पाय रोवले आणि सगळं बळ लावून हिसडा दिला. टाके उसवल्याचा आवाज आला. ते मागे पडले. चिंध्यांचा गठ्ठा त्यांच्या हातात आला आणि नारळ आतच राहिला.

शरच्चंद्र गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. केदार पिशवी दोन्ही हातांनी धरून रडू लागला, अगदी मोठ्याने, लहान मुलासारखा, आणि रडता रडताच त्याने दोन्ही हात वर करून झुलवले. मला त्याचा राग आला होता तो तिथल्या तिथे गेला. बिचाऱ्याने तीन महिने वाहिलं होतं ते.

"मग एकमत झालं असं नोंदवायचं का?" गठ्ठ्याकडे बघत शरच्चंद्र पुटपुटले. पण त्याचं उत्तर ऐकायला अवनी थांबली नव्हती. ती चपला घालत होती.

मच्छिंद्रच्या टेम्पोत दुधाचे कॅन बाजूला सारून आम्ही गोधड्या टाकल्या. सोजरबाई पुढे बसून फोनवर दवाखान्याला सांगत होत्या, पायाळू हाय, पहिलटकरीण, सात मिन्टावर कळा, तयारी ठिवा. केदार मागे फळीला टेकून बसला होता, रिकामी पिशवी अजून पोटाला, नारळ मांडीवर. कात्रजच्या चौकात नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं. मच्छिंद्र खिडकीतून मान काढून ओरडला, "बाळंतीण हाय! सरा!" एक दुचाकीवाला आत डोकावला, केदारकडे बघितलं, आणि घाईघाईने बाजूला झाला.

मी अवनीच्या पोटावर हात ठेवला होता. गरम करायला वेळ मिळाला नव्हता, पण तो आपोआप गरम होता. कळ आली की पोट दगडासारखं व्हायचं, मग सैल. बरगडीखालचं डोकं माझ्या तळव्याला टेकलेलं. गचका बसला तसा मी तोल सावरायला हात उचलला.

अवनीने तो धरला आणि परत पोटावर दाबला.

"हात काढू नकोस, आई."

मी जे सुचलं ते म्हणाले. "आजची भांडी तुझी."

"घासीन," ती म्हणाली. मग कळ आली. दातओठ आवळून तिने ती काढली, आणि कळ ओसरेपर्यंत तो एकच शब्द म्हणत राहिली. पुढच्या कळेलाही तेच. दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत, माझ्या हिशेबाने, तिने दीड महिन्याची भांडी ओढवून घेतली होती. माझा हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता. तो मी स्ट्रेचर घेऊन आलेल्या नर्सने सांगितल्यावर काढला.