काचेच्या खोलीतली खुंट्यांची पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. पंचवीस भोकं आणि त्यांत बसणाऱ्या पंचवीस खुंट्या, काही गोल, काही चौकोनी, एवढाच माझा संसार. बर्गन शहरातल्या एका सुताराने मला घडवलं, तेव्हा वाटलं होतं, एखाद्या बालवाडीत जाईन. गेले समुद्रात बुड्या मारणाऱ्या पाणबुड्यांच्या प्रयोगशाळेत!

तिथे काचेची एक बंद खोली होती. तिच्या हवेत कार्बन डायऑक्साइड हळूहळू वाढवत. तो रक्तात साठला की मेंदूचं काय होतं, हे डॉक्टर सिग्रुन शोधत होती. आत बसलेल्याने माझ्यात खुंट्या लावायच्या. दणकट पाणबुडे एरवी मला मिनिटभरात भरून टाकत. वायू वाढला की त्यांना धाप लागे, डोकं ठणके आणि बोटं भोकांभोवती नुसती घुटमळत. मित्रांनो, तुम्ही श्वासागणिक टाकून देता तोच हा वायू! तो जरा जास्त साठला की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते, हे पाहून मी थक्क होत असे.

नियम एकच होता. आतल्याने घंटा वाजवली तरच दार उघडायचं.

एकदा सिग्रुन स्वतःच आत बसली. बाहेर तिचा मदतनीस टोरस्टाइन होता, म्हातारा पाणबुड्या. थोड्याच वेळात तिचा चेहरा लालबुंद झाला. एक चौकोनी खुंटी ती गोल भोकात तळहाताने ठोकू लागली.

"अगं सिग्रुन, घंटा वाजव!" टोरस्टाइन ओरडला.

"मला काय धाड भरलीय? सगळ्या बरोबर बसतायत. दाराला हात लावलास तर याद राख!"

तिची मान कलू लागली, तरी हात घंटेकडे जाईना. मी घाबरून गेले. टोरस्टाइनने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नियम धाब्यावर बसवून दार उघडलं.

बाहेरच्या हवेत बसून ती आधी त्याच्यावर चांगलीच उखडली. मग तिची नजर माझ्यावर पडली. चारच खुंट्या जागेवर होत्या.

"अरे, मी शपथेवर सांगितलं असतं की सगळ्या लागल्यात," ती हळूच म्हणाली.

"पाण्याखाली मीही एकदा असंच म्हणालो होतो. वर दोर धरणाऱ्याने ऐकलं नाही, मला ओढून काढलं, म्हणून आज तुझ्या शिव्या खायला जिवंत आहे."

त्याच दिवशी सिग्रुनने घंटा खोलीतून काढून त्याच्या हाती दिली; दार कधी उघडायचं, ते आता बाहेरच्याने ठरवायचं.

हल्ली चाचण्या पडद्यावर होतात आणि मी कपाटात धूळ खाते. त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, बंद जागेत कुणी धापा टाकत "मी ठीक आहे" म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. दार उघडा.