जुंपून पाहिलेला मकाव

मी एक मकाव, म्हणजे परदेशी जातीचा मोठा पोपट, बोलतोय. पंख निळे, पोट पिवळं, चोच काळी आणि अडकित्त्यासारखी. आता सांगणार आहे ते अक्षर न् अक्षर खरं आहे, ह्या चोचीची शपथ. माझा जन्म ॲमेझॉनच्या घनदाट जंगलात, आभाळाला टेकलेल्या एका झाडाच्या ढोलीत झाला.

म्हणजे, पुण्याबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, बल्बच्या उजेडाखाली झाला. पण झाड असतं तर उंचच असतं. एवढं सोडून बाकी सगळं खरं धरा.

तिथून मला जालन्याच्या एका शेटजींनी आणलं, नव्या बंगल्याच्या व्हरांड्यात शोभेला. पाहुणे माझ्यासोबत फोटो काढायचे. हळूहळू पाहुण्यांची हौस फिटली. शेटजींची त्याआधीच फिटली होती. दुसऱ्या घरात माझ्या ओरडण्यावरून शेजाऱ्यांत भांडणं लागली. दोन्ही वेळा मी अजमतभाईंच्या दुकानात येऊन पडलो. अजमतभाई जालन्यात पक्ष्यांचा दाणा आणि पिंजरे विकतात, आणि लोकांना नकोसे झालेले पक्षी सांभाळतात.

पहिल्यांदा परत आलो तेव्हा काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा आलो आणि छातीवरची पिसं स्वतःच उपटायला लागलो. तिसऱ्यांदा कुणी परत आणून टाकलं तर अंगावर काय उरेल, ह्याची भीती मला होती आणि अजमतभाईंनाही.

अशात अंतरवालीचे कडूबा दुकानात आले. वय साठीपुढचं, आणि ते सगळं बैल पारखण्यात गेलेलं. आसपासच्या गावात कुणाला जोडी घ्यायची असली की बाजाराला जाताना आधी कडूबांना बोलवायचे. पण त्यांच्या थोरल्यानं, कल्याणनं, ट्रॅक्टर घेतला, शेवटची जोडी गेली आणि गोठा ओस पडला. घरात माणसं होती. गोठ्यात श्वास नव्हता.

"एक मिठू द्या," कडूबा म्हणाले.

"आपल्याकडचा मिठू ठेवायला बंदी आहे, भाऊ. हे छोटे रंगीत पक्षी न्या. पहिल्यांदा पाळायलेत ना? ह्यांच्यावर हात बसू द्या."

"ह्या चिमण्यांनी माझा गोठा कसा भरंल? तो कोण?"

"त्याचा नाद नका करू. मोठा पोपट पहिला पक्षी म्हणून मी कुणाला देत न्हाई. त्याला घर बिलकुल बराबर लागतं."

कडूबांनी मला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. पाय पाहिले, शेपूट पाहिली. मग बैलाचे दात बघतात तसा अंगठा सरळ माझ्या चोचीकडे आणला.

"हात, भाऊ, हात!" अजमतभाई किंचाळले. "बदाम फोडतो तो!"

"दात दिसंनात पण."

"त्याला दात नसतेत!"

"मंग वय कसं समजावं?"

"हा साठ वर्षं जगतो. वय त्याचं न्हाई बघायचं, तुमचं बघायचं."

कडूबांनी ते हसण्यावारी नेलं. "आम्ही बैल आधी जुंपून बघतो. ह्यालाबी चार-आठ दिवस जुंपतो. न्हाई जमलं तं परत."

अजमतभाईंनी माझ्या पिंजऱ्याची कडी नीट लावली. "ठीक. पण परत आणला तं कारण खरं सांगायचं."

पिंजरा गोठ्यात, खुंट्याशेजारी ठेवला गेला. सोबतीला म्हणून कडूबांनी बैलांची जुनी घुंगरमाळ आत टांगली. मी दुपारभर ती चोचीनं सोलत बसलो. स्वयंपाकघरातून त्यांची मंडळी, नंदाबाई, पिठाच्या हातानं धावत आल्या.

"आवो! गोठ्यात घुंगरं वाजून राह्यलेत!"

कडूबा दारात उभे होते. माळेचं मी वाटोळं केलेलं दिसत होतं, तरी ते रागावले नाहीत. "वाजू दे," एवढंच म्हणाले.

तिथून माझी खरी परीक्षा सुरू झाली. दिवस मावळताना मकाव ओरडतोच. आणि ओरडण्यापायीच मी एका घरातून निघालो होतो. दोन संध्याकाळ मी गळा आवळून बसलो. तिसऱ्या संध्याकाळी मात्र फुटलंच. असा ओरडलो की तिकडे वाटूरच्या फाट्यावर एसटीला ब्रेक लागला. शेजारचे सर्जेराव काठी घेऊन धावत आले.

"कोणाला मारून राह्यले रे?"

मी अंग चोरलं. आता पिंजरा उचलणार, असंच वाटलं.

"पाखरू आहे," कडूबा म्हणाले. "तुमच्यापेक्षा बरं. दिवसातून एकदाच बोंबलतं."

मी श्वास सोडला. पण तो फार काळ सुटा राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी नंदाबाई शेंगा घेऊन आल्या. पिंजऱ्याचं दार उघडं, मी दारावर बसलेलो. त्या कौतुकानं वाकल्या, आणि गळ्यातल्या दोन सोन्याच्या वाट्या माझ्या डोळ्यांसमोर चमकल्या. आम्हाला चमकणाऱ्या वस्तूचा मोह आवरत नाही. मी एक वाटी चोचीत धरली.

सगळं थांबलं. मी जरा जोर लावला असता तर काळे मणी गोठाभर झाले असते. नंदाबाईंचा गळा माझ्या चोचीपासून वीतभरसुद्धा लांब नव्हता. मागे सरावं तर पोत ताणली जात होती.

"आवो..." त्या पुटपुटल्या. "माझं मंगळसूत्र..." पुढचा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. त्या वस्तूबद्दल तो शब्द आमच्या भागात कुणी काढत नाही.

कडूबांनी हातातली बादली आवाज न करता खाली ठेवली. "हालू नको, नंदा." बुजलेल्या बैलाकडे जावं तसे ते कडेकडेनं आले. "होऽ... होऽ माझ्या राजा..." आणि स्वतःचं बोट माझ्या चोचीशी धरलं. "तिचं सोड. हे धर."

मी वाटी सोडली. बोट धरलं. आणि कडाकन चावलो! हाड मोडल्याचा आवाज झाला, रक्ताची धार गव्हाणीपर्यंत गेली.

सकाळी कडूबांनी बोटाला जाड चिंधी बांधली आणि पिंजरा जीपमध्ये चढवला. गावात विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "चावरा निघाला." दुकानातही तेच. अजमतभाईंनी चिंधीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिंजरा ठेवून घेतला.

मी अजूनही तिथंच आहे. मोठा पोपट पहिला पक्षी म्हणून न्यावा का, असं विचारत लोक येतात. माझं म्हणणं एवढंच: माझी चोच, माझा आवाज, माझा खर्च हे सगळं बघा, पण तुमच्यामागं मला कोण सांभाळणार, हे आधी त्या माणसाला विचारून या.

आता चोचीची शपथ घेतली आहे, तर एक गोष्ट सांगावी लागेल. एसटीचा ब्रेक लागला होता. चावलो, हे मात्र मी रचलं. मी रचायच्या आधी कडूबांनी रचलं होतं. मी नुसतं निभावलं.

मी ते बोट फक्त धरलं होतं, अंडं धरावं तसं. कडूबांनी ते काढून घेतलं नाही. नंदाबाईंनी गळ्यातल्या वाट्या मुठीत घट्ट धरल्या होत्या. कडूबांनी त्या मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दिवस मावळला, मी ओरडायचं विसरलो, आणि ते म्हणाले, "जल्मभर बैल माझ्याआधी गेले. मी रडलो, दुसरे आणले. तू माझ्यामागं राहशील. तुला दुसरा कडूबा कोण आणून देईल?"

मग सकाळी त्यांनी धडधाकट बोटाला चिंधी गुंडाळली.

आजही जालन्याला आले की ते दुकानात येतात आणि तेच बोट गजांमधून आत सारतात. अजमतभाई दाणा मोजता मोजता म्हणतात, "चावऱ्यापाशी बोट कायला देता, भाऊ?"

कडूबा उत्तर देत नाहीत. मीही नाही, चोच रिकामी नसते. छातीवरची पिसं मात्र पुन्हा उगवली आहेत. ती खोटी नाहीत, येऊन मोजा.