यीस्ट टाकताना ओरडायचं असतं

आम्ही नवरा-बायको आजवर डब्यातल्या माल्टच्या पाकाची बियर करायचो. डबा फोडा, पाण्यात ढवळा, झालं. “या हिवाळ्यात अख्ख्या धान्याची करू,” म्हणत आर्नफिनने मोड आणून वाळवलेल्या सातूचं पोतं आणलं आणि त्याच आठवड्यात तळ्यावरचा बर्फ पायाखाली फुटून बुडून मेला. पोतं माझ्या गळ्यात टाकून गेला. अजून राग येतो.

काल सकाळी धाकटा दीर तोर्गैर मदतीला आला. भरडलेले सातू कापडी पिशवीत घालून आम्ही गरम पाण्यात सोडले. सदुसष्ट अंश, तासभर. पातेल्याला गोधडी गुंडाळायची, तीच दोघं विसरलो. शेडला दार नाही, बाहेर बर्फ. तरी तासाने तापमापकाचा काटा सदुसष्टवरच.

“वहिनी, हा बिघडलाय.”

“मग दुसरा घाल की!”

दुसराही सदुसष्ट. पातेल्याभोवती ओल्या लोकरीचा वास होता, आर्नफिनच्या स्वेटरचा. तोर्गैरलाही आला असावा, कारण त्याने मागे वळून पाहिलं.

पिशवी काढून पाणी उकळलं, गार केलं. राहिलं यीस्ट. ते टाकताना आमच्याकडे गळा फाडून ओरडतात. आसपास जे कोणी घुटमळत असेल ते पळून जातं, आणि बियर नासत नाही.

“ओरडा वहिनी! का मी ओरडू?”

त्याने छाती भरून श्वास घेतला. मी एका हाताने यीस्ट ओतलं आणि दुसऱ्याने त्याचं तोंड घट्ट दाबलं.

“नासली तर नासू दे,” मी हळूच म्हणाले.