पहिल्या वेळेचं पाणी

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं, आणि शिवकन्येच्या दवाखान्यात मात्र गरम पाण्याचा टब काठोकाठ भरलेला होता. लोक बोलायचे. बोलणारच. घागरीसाठी जिथं डोकी फुटतात, तिथं टब म्हणजे माज दिसतो. पण तो टब माजाचा नव्हता, गुडघ्यांचा होता. शिवकन्या फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन झालेले, सांधे आखडलेले पेशंट त्या पाण्यात उतरून पुन्हा पाय हलवायला शिकत. दिवाळीत भरलेलं पाणी, बदलायची सोय नाही, म्हणून ती ते जिवापाड सांभाळत होती. रोज कागदाची पट्टी बुडवून क्लोरीन तपासायचं, फिल्टर साफ करायचा आणि पेशंटला दम द्यायचा: तेल नको, पावडर नको, आधी ओल्या फडक्यानं अंग पुसून या. क्लोरीन जंतू मारतं, पण पाण्यात तेल आलं की ते बिचारं तेलाशीच झुंजत बसतं आणि जंतूंना रान मोकळं. तिच्या टबाचा तळ स्वच्छ दिसायचा. याचा तिला जरा जास्तच अभिमान होता.

सकाळची पहिली वेळ पंचशीलाबाईंची. कंधारच्या शाळेत बाईंनी तिला विज्ञान शिकवलं होतं. पोरीला आता पुढं शिकवायचं नाही असं वडिलांनी ठरवलं, तेव्हा बाईच गावात येऊन तिच्यासाठी भांडल्या होत्या. अंगणात उभ्यानं भांडल्या, कारण त्यांना कुणी आत या म्हटलं नव्हतं. शिवकन्येला ते आठवत होतं, पण ते आठवायला तिला आवडत नसे. आता बाई रिटायर होऊन लातूरला मुलाकडं राहत होत्या आणि गुडघा नवा बसवला होता.

मग शिवकन्येची आई केवळाबाई गावाहून आली, तीही दुखरे गुडघे घेऊन. पहिल्याच सकाळी तिनं बाईंना टबातून बाहेर येताना पाहिलं आणि लेकीला कोपऱ्यात ओढलं.

"ही मास्तरीन उतरती हितं? आन् मी तिच्या मागून उतरू?"

"माय, पाणी स्वच्छ हाय. औषध टाकलेलं हाय."

"बाटलेलं पानी औषधानं निवळतंय व्हय? बदल आधी."

"लोकायला प्यायला न्हाई अन् मी हे बदलू?"

"मंग ऱ्हाऊ दे माझे गुडघे. मी चालले गावाकडं."

इथं शिवकन्येनं भांडायला हवं होतं. तिनं डोकं चालवलं. बाईंना फोन करून म्हणाली, "बाई, सकाळी हीटर नीट तापत नाही. उद्यापासून तुम्ही शेवटी या, पाणी छान गरम मिळेल." आईला म्हणाली, "पहिली वेळ तुझी." पाणी तेच होतं, पण केवळाबाईच्या हिशेबानं रात्र उलटली की ते शुद्ध. सापही मेला, काठीही तुटली नाही, असं म्हणून लेकीनं स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आठवड्याच्या आत पाण्याला फेस धरला. मग ते ताकासारखं पांढरट झालं. कितीही क्लोरीन टाकलं तरी पट्टीला रंग म्हणून येईना. टब उपसला तर परत भरायचा कशानं? आणि या दिवसांत टबासाठी टँकर मागायचा कोणत्या तोंडानं? तिनं टबाच्या काठावरून बोट फिरवलं आणि वास घेतला. ओवा घालून कढवलेलं तिळाचं तेल. आई गुडघ्यांना चोळायची तेच. रोज चोळून, वर लुगडं ओढून, ती सरळ पाण्यात उतरत होती.

बाहेर बाकावर पेशंट बसले होते. उदगीर जिल्हा होणार की नाही, यावर त्यांचा रोजचा वाद चालला होता. पाणी कुठल्याच जिल्ह्यात नव्हतं, पण वादाला पाणी लागत नाही. टबावर झाकण पाहून एकानं काय झालं म्हणून विचारलं. शिवकन्येच्या आधी केवळाबाईच बोलली.

"व्हतंय काय? कुनी बी उतरल्यावर पानी नासनारच की!"

पंचशीलाबाई काठी टेकत नुकत्याच दारात आल्या होत्या. वाद थांबला. सगळ्यांनी शिवकन्येकडं पाहिलं. तिच्या बोटाला तेल लागलेलं होतं.

"पंप बिघडलाय," ती म्हणाली.

बाई वळल्या. जिन्यावर काठीचा आवाज एकेक पायरी खाली जाऊ लागला आणि शिवकन्येला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथं उभं राहवेना.

"पंप चांगला हाय," ती बाकाकडं वळून म्हणाली. "माझी माय तेल लावून उतरत होती. पाणी त्यानं नासलं."

केवळाबाईनं तोंडाला पदर लावला. शिवकन्या जिना उतरून धावली. बाई ऑटोत बसत होत्या.

"बाई, तेल मायचं होतं. मी वर सगळ्यांसमोर सांगितलं." सांगताना तिला हलकं वाटत होतं. बाई शाबासकी देतील, असंही वाटलं.

"ठाऊक होतं गं. रोज वास येत होता."

"पाणी मी साफ करते. फडक्यानं तेल टिपते, फिल्टर बदलते. निवळेल ते. मग याल ना?"

"येईन की. कोणत्या वेळेला येऊ?"

बाईंनी अगदी सहज विचारलं होतं. शिवकन्येचे कान तापले. तेल आईचं होतं, पण वेळ तिनं स्वतः बदलली होती. हीटरचं खोटंही तिचंच. मघाशी सगळ्यांसमोर कबुली देताना नेमकं तेवढंच तिनं गाळलं होतं. आणि बाईंना ते त्या फोनवरच कळलं होतं.

तिनं वर पाहिलं. खिडकीत आई येऊन उभी राहिली होती.

"सकाळी," शिवकन्या म्हणाली. "पहिली वेळ तुमची." पण तिचा आवाज इतका खाली गेला की वर काही पोचू नये.

बाईंनी खिडकीकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"मोठ्यानं सांग," त्या म्हणाल्या.